निकाली

सुमननगरच्या सिग्नलला गाडी डावीकडे ओढायला लागली
तेव्हाच कळलं मला.
स्टिअरिंग आधी सांगतं, आवाज मागून येतो.

कुट्टप्पनचं दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, अर्धं कापलेलं पिंप
आणि भिंतीला टेकलेले टायर,
दुरुस्तीला टाकून कुणी परत न्यायलाच न आलेले.
त्याने जॅक लावला. मी पर्स पोटाशी धरून उभी.

पाण्यात चाक फिरवत फिरवत तो एका जागी थांबला.
बुडबुडे. बारीक, एकामागून एक,
आतून कुणी तक्रार सांगतंय
आणि त्याला मुळीच घाई नाही.

खिळा होता. डोकं झिजून चकचकीत झालेलं,
म्हणजे बरेच दिवस माझ्याबरोबर फिरत होता.
"मध्ये असता ना मॅडम, दीडशेत काम.
हा खांद्यावर घुसलाय."
कडेपासून त्याने दोन बोटं ठेवली. खिळा दुसऱ्या बोटाखाली.
"मशरूम लावतो. टिकेल. नाही टिकलं तर…"
हायवेकडे हात केला आणि वाक्य तिथेच सोडलं.

भाचा फोनवर: मावशी, चारही बदलून टाक,
जिवापेक्षा जास्त आहे का?
त्याला काय सांगू.
एकोणीस वर्षं वडाळ्याच्या आगारात मी टायरचीच कार्डं भरली.
एका टायरला एक कार्ड, पिवळं:
किती किलोमीटर, किती पंक्चर,
किती वेळा पाठीवर नवं रबर चढवलं.
तीनदा रिमोल्ड झालेलाही धावायचा,
मागच्या जोडीत, आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही.
मग एक दिवस हडकर फोरमन नुसता अंगठा फिरवायचे,
म्हणायचे, घ्या बाई, लाल शाई.
मी लिहायचे: निकाली.
पुढचं कार्ड.
हात कधी थांबला नाही.

इथे मात्र गुडघा धरून वाकले, आकडे वाचायला.
लंबगोलात चार: ३११८.
एकतिसावा आठवडा, अठरा साल.
निवृत्तीचे पैसे आले होते, चारही एकदम घेतले,
आणि कुणाला न सांगता एकटी हरिहरेश्वरला जाऊन आले.
माणगावला चहा, दोनदा.
घरी सांगितलं, डेपोत हिशेब राहिलेत.
या चौघांना माहीत आहे. बाकी कुणाला नाही.

"स्टेपनी बघू," कुट्टप्पन म्हणाला.
डिकीतून काढली. कोरी करकरीत.
नव्या टायरला रबराचे केस असतात ना,
त्यातला एकही तुटलेला नाही.
म्हटलं, झालं की मग! हीच लाव.
त्याने कडेला नख रोवलं, जरा दाबलं.
भेगा. सायीवर पडतात तशा,
सगळीकडून सगळीकडे.
०९१२.
"गाडीबरोबर आलेली? एकदा पण नाही चालली?"
नाही.
"मग पहिलं हिला फेका."

शून्य किलोमीटर, शून्य पंक्चर, निकाली:
असं कार्ड माझ्या हातून कधी गेलं नाही.
एकोणीस वर्षांत एकही नाही.
गेलं असतं तर मी हडकरांकडे घेऊन गेले असते,
साहेब, काहीतरी चुकलंय म्हणून.

नवा एक आणायला सांगितला. तीन हजार आठशे,
घासाघीस केली नाही.
खांद्यावर खिळा खाल्लेल्याला मशरूम लाव म्हटलं,
तो डिकीत जाईल, साठच्या वर पळवणार नाही त्याला,
आणि त्याला तिथे फार दिवस ठेवणारही नाही.

"आणि ही?"
मी काही बोलायच्या आत त्याने ती उभी केली,
तळहाताने एक ढकल दिली.
फुटपाथवरून गेली, सरळ, जराही न डुगडुगता,
भिंतीपाशी इतरांना टेकली.
दहा-बारा फूट असतील.
सवयीने मोजले मी.